चारशे मैल कुत्र्यानेच का चालायचं?

यंदाच्या मे महिन्यात कर्जत तालुक्यातल्या एका सुटी शिबिरात मुलांना ‘अ डॉग्ज वे होम’ हा इंग्रजी चित्रपट दाखवला गेला. चार्ल्स मार्टिन स्मिथ यांनी दिग्दर्शित केलेला, २०१९ साली आलेला. घरापासून तुटलेली एक कुत्री चारशे मैल चालून आपल्या माणसाकडे परत येते, एवढी त्याची गोष्ट. मुलं मुसमुसली, मोठ्यांनी डोळे टिपले आणि शेवटी एका ज्येष्ठांनी उठून तात्पर्य सांगितलं, की मुक्या जनावराची निष्ठा माणसाला जमत नाही, ती त्याच्याकडून शिका. मी तिथेच हरकत घेतली. हा चित्रपट मुलांशी प्रामाणिक नाही आणि हे तात्पर्य तर आपल्या तालुक्यात मुलांना सांगूच नये, असं म्हटलं.

त्यावर मला उत्तरं मिळाली ती अशी. मुलांचा सिनेमा आहे, त्याची एवढी चिरफाड कशाला? सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे तो मनाला भिडला, आणखी काय हवं? आणि निष्ठा शिकवणारी गोष्ट वाईट कशी असेल? ही उत्तरं देणारी माणसं प्रेमळ आहेत, दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपला वेळ खर्च करणारी आहेत. ‘तुम्हाला सिनेमा कळत नाही’ असं म्हणून त्यांना उडवून लावणं मला पटत नाही. म्हणून माझं म्हणणं सविस्तर मांडते आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. कोणी म्हणालं, त्यातला डोंगरी सिंह संगणकावर बनवलेला आहे, तो नकली दिसतो, म्हणून तुम्हाला चित्रपट आवडला नसेल. तसं नाही. नकलीपणाला नाक मुरडण्याचं कर्जत-खालापूरकरांना तरी कारण नाही. २००५ साली नितीन देसाई यांनी इथे एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’मधला आग्र्याचा किल्ला आपल्याच डोंगरांच्या पायथ्याशी उभा राहिला. भिंत आतून पोकळ आहे, दगड रंगवलेला आहे, हे ठाऊक असूनही पडद्यावर तीच भिंत खरी वाटते, हे इथल्या माणसांना कुणी शिकवायला नको. पोकळ भिंतीच्या आधाराने खरी गोष्ट सांगता येते. माझी तक्रार भिंतीबद्दल नाही, गोष्टीबद्दल आहे.

डेन्व्हर शहरातल्या एका पडीक घराच्या जोत्याखाली बेला नावाचं पिल्लू मांजरीच्या मायेवर वाढतं. लुकस नावाचा तरुण तिला घरी आणतो. त्या शहरात १९८९पासून पिटबुल जातीची कुत्री पाळायला बंदी होती. बेला त्या जातीची ठरवली जाते, कुत्री पकडणारा अधिकारी पाळत ठेवतो. ती हाती लागली तर जिवाला मुकेल या भीतीने लुकस तिला शेकडो मैल दूर न्यू मेक्सिकोत, ओळखीतल्या एका कुटुंबाकडे पाठवतो. तिथून ती निसटते आणि ‘घरी जा’ या लहानपणी शिकवलेल्या आज्ञेच्या जोरावर दोन वर्षांहून अधिक काळ डोंगर, बर्फ आणि महामार्ग तुडवत परत येते.

या एवढ्या मोठ्या प्रवासात आपल्याला कुत्रं नुसतं बघायला म्हणून मिळत नाही. ब्राइस डॅलस हॉवर्ड या अभिनेत्रीच्या आवाजात बेला अखंड बोलत असते. भूक लागली की तसं सांगते, आठवण आली की तसं सांगते. आपल्या गळ्यात एक अदृश्य पट्टा आहे आणि तो आपल्याला घराकडे ओढतो आहे, हेही तीच सांगून टाकते. मुलाने कानांकडे बघावं, शेपटीकडे बघावं, चालीतला फरक हेरावा आणि मग जनावराच्या मनात काय असेल याचा स्वतः अंदाज करावा, याला चित्रपट जागाच ठेवत नाही.

आपल्या वाड्यांवरच्या कोणत्याही ठाकर पोराला विचारा. कुत्रं अंगणाच्या कडेला उभं राहून केस फुलवून भुंकत असेल तर बाहेर डुक्कर असेल, परका माणूस असेल. पण तेच कुत्रं आवाज न करता, शेपूट आत घेऊन ओसरीवर चढलं आणि माणसाच्या पायाशी चिकटलं, तर बिबट्या जवळपास आहे. हे त्या पोराला कुत्र्याने बोलून सांगितलेलं नसतं. त्याने बघितलेलं असतं. अशी नजर असलेल्या मुलांना बसवून आपण एक बोलकी बाहुली दाखवतो आणि वर म्हणतो, यातून जनावरांवर प्रेम करायला शिका.

दिग्दर्शकाला हे कळत नसेल असं मला म्हणता येत नाही. याच चार्ल्स मार्टिन स्मिथ यांनी १९८३च्या ‘नेव्हर क्राय वुल्फ’ या चित्रपटात नायकाचं काम केलं होतं. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात लांडग्यांचा अभ्यास करायला एकटा गेलेला माणूस. त्यात लांडगे बोलत नाहीत. माणूस बघतो, चुकतो, पुन्हा बघतो आणि हळूहळू त्याच्या डोक्यातली लांडग्याबद्दलची भीती गळून पडते. ज्याने ते काम केलं, त्यानेच मुलांसाठी चित्रपट काढताना मुलांच्या नजरेवर एवढा अविश्वास दाखवावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

शिवाय कुत्रं घरची वाट कशी शोधतं ही मुळातच इतकी नवलाची गोष्ट आहे, की त्यावर अदृश्य पट्ट्याची कल्पना चिकटवायची गरज नाही. चेक संशोधकांनी शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून जंगलात शेकडो फेऱ्यांची नोंद केली आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही कुत्री आल्या वासाच्या मागाने परत येतात. काही मात्र पूर्णपणे नवी वाट धरतात. ही नवी वाट धरणारी कुत्री बहुतेक वेळा परतीला लागण्याआधी साधारण २० मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धावून घेतात. धनी कोणत्याही दिशेला असो, ही छोटी धाव तीच. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ती आपला नकाशा नीट लावून घेत असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी आपल्या कुत्र्याच्या मागे कंपास घेऊन फिरेल.

पण हे सगळं कलेतलं उणेपण झालं. तेवढंच असतं तर मी गप्प बसले असते. माझी खरी हरकत पुढे आहे. बेला आणि लुकस यांची ताटातूट कशामुळे झाली? कायद्यामुळे. तो कायदा चुकीचा होता का? चित्रपटाचं म्हणणं तसंच आहे. मग तो बदलण्यासाठी कोणी काय केलं? कोणी काही केलं नाही. बेला चालत असताना त्या दोन वर्षांत लुकसने काय केलं, हे चित्रपट जवळपास सांगतच नाही. शेवटी बेला जखमी होऊन माजी सैनिकांच्या रुग्णालयापाशी पोचते, अधिकारी तिला धरायला येतो आणि लोक त्याला सांगतात की ही जागा केंद्र सरकारची आहे, इथे शहराचा कायदा चालत नाही. टाळ्या पडतात, चित्रपट संपतो. प्रश्न होता तिथेच राहतो, फक्त त्याची हद्द बदलते. त्या हद्दीबाहेरच्या इतर कुत्र्यांचं काय झालं, हे विचारायचं नाही.

खऱ्या डेन्व्हरमध्ये पुढे काय घडलं ते बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथल्या नागरिकांनी मतदान करून ती सरसकट बंदी उठवली आणि परवाना घेऊन अशी कुत्री पाळायला वाट मोकळी केली. माणसं बोलली, भांडली, मत देऊन आली. म्हणजे कुत्र्याला घरी आणण्याचं काम माणसांनी केलं. चित्रपटात मात्र ते काम एकट्या कुत्रीवर ढकललेलं आहे. अन्याय माणसाचा, पायपीट जनावराची आणि शेवटच्या मिठीचं समाधान पुन्हा माणसालाच, असा हा हिशेब आहे.

या हिशेबात आणखी एक माणूस चिरडला जातो. वाटेत बेलाला ॲक्सल नावाचा बेघर माजी सैनिक भेटतो. एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी हे काम केलं आहे. एकटेपणाने खचलेला हा माणूस बेलाला आपल्या शरीराशी साखळीने बांधून घेतो आणि एका ओसाड जागी मरून जातो. साखळीच्या एका टोकाला प्रेत, दुसऱ्या टोकाला तहानेने तडफडणारी कुत्री. मुलांच्या चित्रपटात असं दृश्य घालायला धैर्य लागतं, हे मी मान्य करते. पण मग त्या धैर्याला जागायला हवं. ॲक्सल कोण होता, त्याची ही गत का झाली, त्याच्या मरणाची खबर कोणाला लागली? चित्रपटाला चिंता एकच, साखळी सुटते की नाही. ती सुटते, बेला पुढे निघते आणि तो माणूस विस्मरणात जातो. मुलांचं मन हळवं करायला एक मृत्यू वापरला आणि त्याचं देणं दिलं नाही. याला मी अप्रामाणिकपणा म्हणते.

आता ‘डोळ्यांत पाणी आलं ना’ या उत्तराकडे वळते. पाणी माझ्याही डोळ्यांत आलं. कुत्रं धावत येऊन माणसाला बिलगलं की कोणाच्याही डोळ्यांत येतं. त्यासाठी गोष्ट चांगली असावी लागत नाही. प्रश्न असा, की पाणी ओसरल्यावर मनात काय उरतं.

घरी परतणाऱ्या कुत्र्याची सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे एरिक नाइट यांची लॅसी. कादंबरी १९४०ची, चित्रपट १९४३चा. त्यात कुत्री घरापासून तुटते ती गरिबीमुळे. यॉर्कशरमधल्या खाणकामगार बापाचं काम सुटलेलं असतं, घरात खायची भ्रांत असते, म्हणून मुलाची लाडकी कुत्री श्रीमंत सरदाराला विकावी लागते. लॅसी शेकडो मैल चालून परत येते तेव्हा डोळ्यांत पाणी येतंच, पण त्या पाण्यात बापाची लाज असते, आईचा कोरडा पडलेला स्वर असतो, एका बंद पडलेल्या खाणीचं गाव असतं. ती गोष्ट जनावराच्या पाठीवर माणसांचं ओझं टाकत नाही, ते ओझं उघडं करून दाखवते.

लांब कशाला, आपला ‘टिंग्या’ घ्या. मंगेश हाडवळे यांचा, २००८चा. जुन्नर भागातला शेतकरी, त्याचा जायबंदी झालेला बैल चितंग्या आणि त्या बैलावर जीव असलेला लहानगा टिंग्या. बाप बैल खाटकाला विकायला निघतो. तो दुष्ट नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि पेरणी तोंडावर आली आहे. टिंग्याचा सवाल मात्र साधा आहे. शेजारची आजी आजारी पडली तर सगळे तिच्या औषधपाण्याला धावतात, मग चितंग्या आजारी पडला तर त्याला खाटकाकडे का धाडायचं? या सवालाला चित्रपटात कोणाकडे उत्तर नाही आणि दिग्दर्शक ते खोटं खोटं तयारही करत नाही. शरद गोयेकर या मुलाला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘टिंग्या’ बघून रडलेलं मूल घरी जाऊन बापाला काहीतरी विचारतं. ‘अ डॉग्ज वे होम’ बघून रडलेलं मूल डोळे पुसून झोपी जातं, कारण त्याच्यासमोर विचारण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

आणि आता तिसरं उत्तर: निष्ठा शिकवणारी गोष्ट वाईट कशी? याचं उत्तर अमेरिकेत शोधायला नको. कशेळे, खांडस, कडावच्या रस्त्यांना लागा, किंवा खालापूर तालुक्यात चौक, वावोशीच्या बाजूला फिरा. उल्हास आणि पेज नद्यांच्या काठाने, डोंगरांच्या उतारावर, मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले आणि फार्महाऊस उभे आहेत. शनिवारी-रविवारी येणाऱ्या यातल्या काही कुटुंबांत मुलांच्या हट्टाखातर पिल्लू येतं. लॅब्रॅडॉर येतो, गोल्डन रिट्रीव्हर येतो, एप्रिलच्या उन्हात जीभ काढून पडणारा हस्कीसुद्धा येतो. पिल्लू मोठं होतं, फ्लॅटमध्ये मावेनासं होतं, त्याला कातडीचा आजार जडतो, मुलाची दहावी येते. मग एका रविवारी गाडी परत जाते आणि कुत्रं फार्महाऊसवरच राहतं. इथली हवा मोकळी आहे, मजेत राहील, असं मुलांना सांगितलं जातं. काही जण तेवढंही करत नाहीत. जुन्या हायवेच्या कडेला गाडी थांबते, दार उघडतं, दार बंद होतं.

असं सोडलेलं कुत्रं ओळखता येतं. मानेभोवती पट्ट्याच्या जागी केस झिजून कडं पडलेलं असतं. त्याला रस्ता ओलांडता येत नाही, कारण आजवर ते कोणाच्या तरी हाताशी चाललेलं असतं. ट्रक गेला तरी ते मान वर करत नाही, पण आपल्या गाडीच्या आवाजाशी मिळताजुळता आवाज आला की ताडकन उठतं, गाडीमागे धावतं, काच खाली होत नाही असं दिसलं की थांबतं आणि पुन्हा त्याच जागेवर येऊन बसतं. जागा सोडून ते कुठे जात नाही, कारण धनी तिथूनच गेलेला असतो. गावठी कुत्री त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. पहिल्या पावसापर्यंत त्याच्या बरगड्या मोजता येतात. निष्ठा त्याच्याकडे भरपूर आहे. त्या निष्ठेनेच त्याचा घात केला आहे.

जी कुत्री फार्महाऊसवर ‘ठेवली’ जातात, त्यांचा भार कोणाच्या गळ्यात पडतो? राखणीला ठेवलेल्या कातकरी किंवा ठाकर जोडप्याच्या. मालकाने ठेवून दिलेलं कुत्र्याच्या खाण्याचं पोतं महिन्या-दीड महिन्यात संपतं. पुढे त्याच घरातल्या चुलीवरचा भात, सुकटीचं पाणी घालून कालवलेला. मी बघितलेल्या एका ठिकाणी त्या बाईने आपल्या पोराच्या ताटातला भात कमी करून कुत्र्याच्या थाळीत टाकला. पोराने तक्रार केली नाही, कारण रात्री ते त्याच कुत्र्याला बिलगून झोपत होतं. तो कुत्रा कोणाचा? कागद करायचाच झाला तर शहरातल्या मालकाचा. जगवला कोणी? ज्या घरात दोन वेळच्या भाताची खात्री नाही, त्या घराने. या बाईवर कोणी चित्रपट काढत नाही आणि शिबिरात तिच्या निष्ठेचं तात्पर्य कोणी सांगत नाही.

सोडून दिलेल्या कुत्र्यांची किंमत इथेच संपत नाही. नसबंदी न झालेली कुत्री रस्त्यावर आली की पिल्लं वाढतात, उपासमार वाढते, चावे वाढतात. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत लागण कुत्र्यांमुळे होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडीतून शाळेत जाणाऱ्या मुलाला हा धोका कमी. वाडीवरून पायवाटेने शाळेला येणाऱ्या मुलाला जास्त. चावा बसला तर लशीच्या प्रत्येक डोससाठी त्याच्या आईबापाचा रोज बुडतो. शहरातल्या एका घराने हात झटकले, त्याचं देणं डोंगरातल्या घराने फेडलं.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा त्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये, म्हणजे कर्जत स्टेशनावरच्या दोन-तीन वडापावांची किंमत. ज्या समाजाने जनावराला वाऱ्यावर सोडण्याची किंमत एवढी स्वस्त ठेवली आहे, त्या समाजाच्या मुलांना कुत्र्याच्या निष्ठेचे धडे देण्याआधी मोठ्यांच्या जबाबदारीचा धडा द्यायला हवा. कारण ‘निष्ठावान कुत्रं कुठूनही घरी येतं’ हे ऐकून मोठं झालेलं मूल उद्या गाडीचं दार उघडताना स्वतःची समजूत घालू शकतं, की याचं आपल्यावर खरं प्रेम असेल तर हे येईलच. आलं नाही, तर दोष कुत्र्याचा. निष्ठेच्या गोष्टीतून असा नामानिराळा राहणारा माणूस तयार होतो. निष्ठेच्या गोष्टी वाईट नसतात. एकाच बाजूची निष्ठा सांगणारी गोष्ट वाईट असते.

आपल्याकडे हे पूर्वीच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोचतो तेव्हा द्रौपदी आणि भाऊ वाटेत पडलेले असतात, सोबत उरलेलं असतं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला सोड आणि चढ. धर्मराज नकार देतो. जो आपल्या भरवशावर मागे आला त्याला टाकणं हे पाप आहे, असं त्याचं म्हणणं. ते कुत्रं त्याने पाळलेलंही नव्हतं, हस्तिनापुरापासून नुसतं मागे आलं होतं. ते इथवर चालत आलं याचा गौरव त्या गोष्टीत फारसा नाही. तिथे कसोटी माणसाची लागते आणि ती लागते स्वर्ग समोर असताना.

आपल्याच जिल्ह्यात रायगडावर वाघ्या कुत्र्याची समाधी आहे. शिवछत्रपतींच्या चितेत त्याने उडी घेतली, अशी कथा सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही असं इतिहासाचे अभ्यासक म्हणतात. २०१२ साली तिथला पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५ साली तो वाद नव्याने पेटला. त्या वादात शिरण्याचं इथे कारण नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की जनावराने जीव द्यावा आणि आपण त्याचा पुतळा उभारावा, या कथेची ओढ आपल्यात किती खोल आहे. कुत्र्याच्या आत्मत्यागावर आपण हिरिरीने बोलतो. त्याच कुत्र्याला जिवंतपणी आपण काय देणं लागतो, यावर मूग गिळून बसतो.

उलट २०२४ साली जे खरोखर घडलं ते बघा. बेळगाव जिल्ह्यात निपाणी तालुक्यातलं यमगर्णी गाव. तिथला एक वारकरी जूनच्या अखेरीस पायी पंढरपूरला निघाला आणि ‘महाराज’ नावाचं गावातलं काळं कुत्रं त्याच्या दिंडीमागे भजन ऐकत चालू लागलं. सुमारे २५० किलोमीटर. दर्शन करून बाहेर आल्यावर कुत्रं दिसेना. त्या माणसाने ते सगळीकडे शोधलं, ते दुसऱ्या दिंडीबरोबर गेल्याचं कोणी सांगितलं, तेव्हा कुठे नाइलाजाने तो १४ जुलैला घरी परतला. दुसऱ्या दिवशी महाराज दारात उभा, शेपूट हलवत. गावाने त्याला हार घातला, गावजेवण केलं, पांडुरंगानेच त्याला वाट दाखवली असं म्हटलं. त्या श्रद्धेचा मी आदर करते. पण त्या वारकऱ्याने सांगितलेला एक तपशील मला त्याहून मोलाचा वाटतो. महाराज परत आला तो खाऊनपिऊन धडधाकट होता. अनोळखी वाटेवर इतक्या दूर एकटं कुत्रं असं राहतं, याचा अर्थ वाटेवर कोणीतरी, किंबहुना पुष्कळांनी, त्याला घास दिला होता. त्याला शोधणारा माणूस होता, भाकरी टाकणारे हात होते आणि त्याचं येणं साजरं करणारं गाव होतं. एकट्या कुत्र्याच्या प्रेमाने ही वाट सरली नाही. यावर चित्रपट काढायचा, तर त्यात वाटेवरची सगळी घरं आली पाहिजेत.

राहिला तो आक्षेप जो सगळ्यांत आधी आला होता. मुलांचा सिनेमा आहे, मुलांना एवढं जड झेपत नाही. हे कोणत्या भागात आपण बोलतो आहोत? १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसांचा पत्ता लागला नाही आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. त्या वाडीतली जी मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, ती याच परिसरात वाढताहेत. घर म्हणजे काय, ते परत मिळतं की नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. चालत राहिलं की घर सापडतंच, असं त्यांच्यासमोर पडद्यावर सांगणं मला धाडसाचं वाटतं. मुलांना दुःख झेपतं. त्यांना झेपत नाही ती फसवणूक, कारण ती त्यांना फार लवकर ओळखू येते आणि मग ती मोठ्यांचं ऐकणं सोडतात.

मुलांना कृतीही झेपते. २०११च्या ‘चिल्लर पार्टी’त गृहसंकुलातली मुलं भिडू नावाच्या रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी थेट मंत्र्याशी भांडतात. तो चित्रपट काही सर्वांगसुंदर नाही, पण त्यात कुत्रं चालत नाही, मुलं चालतात, आणि त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे मनोरंजन आणि जबाबदारी एका चित्रपटात बसत नाही, हेही खरं नाही.

टीका करून मोकळं होणं मला मान्य नाही, म्हणून काय करावं तेही सांगते. ‘अ डॉग्ज वे होम’ दाखवायचाच असेल तर तात्पर्य सांगू नका, प्रश्न विचारा. लुकसने त्या दोन वर्षांत काय करायला हवं होतं? ॲक्सलच्या घरी कोणी कळवलं असेल का? मुलं जी उत्तरं देतील ती ऐकून मोठ्यांना बरंच शिकता येईल. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या फार्महाऊसवरच्या प्रत्येक कुत्र्याची मालकाच्या नावे नोंद करावी. नसबंदी आणि रेबीजची लस मालकाच्या खर्चाने झाली पाहिजे आणि राखणदाराने कुत्रं सांभाळायचं असेल तर त्याचा वेगळा मोबदला त्याला मिळाला पाहिजे. ५० रुपयांच्या दंडाची लाज आपल्या लोकप्रतिनिधींना वाटावी, यासाठी त्यांना पत्रं लिहायला हवीत. डेन्व्हरच्या लोकांनी जे मतपेटीतून केलं ते आपल्यालाही ग्रामसभेत मांडता येईल.

आणि पिल्लू आणायला निघालेल्या आईबापांना माझं सांगणं आहे. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. तेवढी वर्षं त्याचं खाणं, आजारपण, म्हातारपण तुमच्या घरात होणार आहे, मुलाची दहावी असो की बदली असो. हे मुलाला पिल्लू हातात देण्याआधी सांगा आणि मग त्याच्या देखत ते पाळून दाखवा. ज्यांना एवढं जमणार नाही, त्यांनी पिल्लू आणू नये.